आईची पहिली सेमिस्टर

१२ जानेवारी

झालं एकदाचं. सत्तेचाळीस वर्षांची, इंदौरच्या सुदामा नगरात राहणारी, पलासियातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलं करणारी मी, सुहासिनी, आजपासून कम्प्यूटर सायन्सच्या पदवीची विद्यार्थिनी. कोर्स ऑनलाइन आहे, पण पदवी खरी. वयाची अट नाही. बारावीला गणित हवं, ते माझ्याकडे आहे, तीस वर्षं नुसतं पडून होतं. आधी काही आठवडे शिकवतात आणि पात्रता परीक्षा घेतात. ती निघाली की पहिला टप्पा: गणित, प्रोग्रॅमिंग, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी. लेक्चर घरी, परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन.

डायरी लिहायची मला सवय नाही. पण आज कुठेही बसवत नाहीये. कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरले. कुणाला तरी सांगायलाच हवं.

शामला सांगितलं. (समोर ‘अहो’, इथे शाम. डायरीत कोण बघतंय!) तो बिजली ऑफिसमधून येऊन बूट काढत होता. म्हणाला, “कर की. पण आत्ताच? शर्वरीचं चालू असताना?”

मी म्हटलं, दोघींचं एकदम होईल, अजून काय पाहिजे!

शर्वरी आमची एकुलती एक. बी.टेक., कम्प्यूटर सायन्स, दुसरं वर्ष. काउन्सेलिंगच्या वेळी तिला काही सुचत नव्हतं, म्हणून कॉलेजांच्या पसंत्या मीच भरल्या होत्या. वरपासून खालपर्यंत सी.एस. आज तिला बातमी दिली तर आधी हसली, मग म्हणाली, “आई, तू पण?” आणि खोलीत गेली. आनंद झाला असणार. या वयात मुलं तोंडावर दाखवत नाहीत.

१९ जानेवारी

फंक्शन, रिलेशन, मॅट्रिक्स. विसरले होते असं वाटलं होतं, पण नाही. जिन्यावरून घसरताना हात आपोआप कठडा धरतो ना, तसं आठवत गेलं. लॅबमध्ये बिलं करताना शेजारच्या काउंटरवरचा आशिष म्हणाला, “ताई, मनात काय पुटपुटताय? कोई मंत्र है क्या?” म्हटलं, मॅट्रिक्सचा गुणाकार. तो हसला. हसू दे.

एक शंका होती, शर्वरीला विचारली. तिने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. “आमच्याकडे हे वेगळ्या पद्धतीने आहे.” गणित वेगळ्या पद्धतीने कसं असेल? ही प्रायव्हेट कॉलेजं काय शिकवतात देव जाणे. मी तिच्याच टेबलावर बसते आता. ती आपली पुस्तकं घेऊन पलंगावर गेली. माझी लुडबुड नको म्हणून मला आख्खं टेबल देऊन टाकलं. गुणी आहे पोर.

५ फेब्रुवारी

आज शर्वरी गच्चीवर फोन घेऊन उभी होती. व्हिडिओ कॉल असावा, पण आवाज अजिबात नाही, नुसते हात हलवत होती, तोंड वेडंवाकडं करत होती, मध्येच हसत होती. मी म्हटलं, नेट गेलं का गं? दचकली. “हो, आवाज येत नव्हता.” मग ठेवून का देत नाही? पण बोलले नाही. तिच्या कॉलेजचं ओझं तिला माहीत.

माझं मात्र मन थाऱ्यावर नाही. परीक्षा रविवारी. पोळ्या लाटताना वाटतं, अभ्यास राहिला. अभ्यासाला बसले की वाटतं, गॅस चालू राहिला.

८ फेब्रुवारी

सेंटर बायपासच्या पलीकडे होतं. सगळी पोरं शर्वरीच्या वयाची. माझ्या शेजारच्या मुलाने मला पेन मागितलं आणि “थँक्यू आंटी” म्हणाला. पेपर सोडवताना कान गरम झाले होते. बाहेर आल्यावर काहीच आठवेना, काय लिहिलं ते.

२१ फेब्रुवारी

पास! पास! गणितात सगळ्यात जास्त.

शामने संध्याकाळी गरमागरम कचोऱ्या आणि जिलबी आणली. आम्ही तिघं जेवायला बसलो तेव्हा मला राहवेना. म्हटलं, “बघ शर्वरी, या वयात, लॅब सांभाळून, स्वयंपाक सांभाळून मॅथ्स निघतं. तुला तर काय, आयुष्यभर हेच करायचंय. आणि खरं सांगू? मजा येते गं!”

शामने टेबलाखालून माझ्या पायाला पाय मारला. मला कळलं नाही का. कदाचित जिलबी संपत आली होती म्हणून.

शर्वरी म्हणाली, “काँग्रॅट्स आई.” ताटातली कचोरी तशीच ठेवून उठली. आजकाल तिचं खाणं कमी झालंय. थर्ड ईयर जवळ आलं की टेंशन येतंच.

८ मार्च, रंगपंचमी

सगळं इंदौर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर आणि मी पायथनच्या लूपमध्ये अडकलेली. बाहेर ढोल, आत माझा प्रोग्रॅम थांबायचं नाव घेईना.

दुपारी शर्वरी रंगून आली, दोन मैत्रिणींना घेऊन. एक महूची नंदिनी, हिला मी ओळखते. आजोबा फौजेत होते, घरचं वळण छान, आल्या आल्या पाया पडली. दुसरी शिवांगी, जरा मोठी वाटली, पंचवीसेक वर्षांची. ती बाल्कनीत पाठमोरी उभी होती. मी विचारलं, “जेवणार का?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा जरा जोरात म्हटलं तर शर्वरीच धावत आली. “आई, मी विचारते तिला.” अगं, मी विचारतेय ना! ताठ आहे मुलगी. वळली तेव्हा मात्र इतकी गोड हसली की माझा राग गेला. पोटभर जेवल्या तिघी. एवढी जेवताना शर्वरीला मी महिनाभरात पाहिलं नव्हतं.

२० मार्च

भराभर लिहितेय. अक्षर वाचता येणार नाही, न येवो.

लॅबमधून निघताना पलासिया चौकात जयेश भेटला. राजेंद्र नगरचा, शर्वरीच्या वर्गातला, लहानपणापासून घरी येणारा. बाईक बाजूला घेतली, विचारपूस केली. मग म्हणाला, “काकू, शर्वरी या वेळी तरी मॅथ्स-वनला बसतेय ना? फॉर्मची डेट निघून जाईल. अपन किती समजावलं, ती ऐकतच नाही.”

मी म्हटलं, मॅथ्स-वन? ते तर पहिल्या वर्षाला असतं.

त्याचा चेहरा पडला. पण मी हात धरला त्याचा, सोडला नाही. सगळं सांगावं लागलं त्याला. शर्वरी मॅथ्स-वनमध्ये दोनदा नापास. पहिल्या वर्षाचा प्रत्येक विषय निघाल्याशिवाय थर्ड ईयरला घेत नाहीत, नियमच आहे. आणि दिवाळीपासून ती वर्गात अधूनमधूनच दिसते. बसमध्ये मी उभी होते की बसले होते, आठवत नाही.

शर्वरी घरी होती. मी चपला न काढताच विचारलं.

ती म्हणाली, “जयेशने सांगितलं?”

“कुणी सांगितलं ते सोड. खरं आहे?”

“हो.”

“दोन वेळा नापास झालीस आणि मला म्हणालीस पास?”

“तू विचारलंस का कधी? तू म्हणायचीस, ‘झालीस ना पास?’ मी ‘हं’ म्हणायचे. बस.”

मी काहीतरी ओरडले. काय ते लिहीत नाही. ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, “आई, तू माझ्याच टेबलावर बसतेस. माझेच चॅप्टर. मला आत पलंगावर तुझं पुटपुटणं ऐकू येतं. आणि मग जेवताना सांगतेस, किती सोपं आहे.”

“सोपं म्हटलं नाही मी. मजा येते म्हटलं.”

“ते त्याहून वाईट आहे.”

शाम आला तेव्हा दोघी दोन खोल्यांत. मी त्याला सांगायला लागले तर तो खाली बघत राहिला. रिझल्टचे मेसेज कॉलेजकडून त्याच्याच फोनवर येतात. त्याला माहीत होतं. दोन्ही वेळेला.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू इतकी खूश होतीस,” तो म्हणाला.

२१ मार्च

लॅबला गेले नाही. सकाळी लॅपटॉप उघडला, नाव काढून घ्यायचं म्हणून मेल लिहिला. मी शिकायला लागले म्हणून पोरीचं हे झालं, असं घोळत होतं. मग आठवलं, ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा मी कुठे शिकत होते? मेल तसाच पडलाय. पाठवला नाही, पुसला नाही.

२३ मार्च

सुचलं! कसं सुचलं नाही आधी! मीच शिकवेन तिला मॅथ्स-वन. मला येतंय, ती घरात आहे, टेबल एकच आहे. फॉर्म भरायला अजून वेळ आहे. ज्या गोष्टीने भांडण झालं तीच आम्हाला जोडेल. शर्वरी “बरं” म्हणाली. आवाजात काही नव्हतं, पण म्हणाली तर.

२६ मार्च

तीन दिवस शिकवलं. मॅट्रिक्स मी सावकाश, एकेक पायरी करून समजावत होते. आज मी एका ठिकाणी चिन्ह चुकवलं. तिने पेन्सिल घेतली, माझी चूक दुरुस्त केली आणि उरलेलं गणित माझ्या पुढेच सोडवून टाकलं. मी आ वासून बघत राहिले.

“तुला येतंय की!”

“येतं.”

“मग नापास कशी झालीस?”

तिने पेन्सिल खाली ठेवली. “पहिल्यांदा खरंच झाले. दुसऱ्यांदा कोरा पेपर दिला. नाव घातलं, नंबर घातला, वेळ संपेपर्यंत बसून राहिले.”

“अगं पण का?”

“तो विषय निघाला असता तर थर्ड ईयर आलं असतं. मग फोर्थ. मग प्लेसमेंट. कुठे थांबायचं? मला थांबायला तीच एक जागा दिसली.”

कोरा पेपर! परीक्षेला बसून कोरा पेपर देण्याची कल्पनाच मला करवत नाही. मी तर मार्जिनमध्येसुद्धा लिहून येते.

मग मी विचारलं, वर्गात नसतेस तर जातेस कुठे. ती म्हणाली, “शनिवारी चल माझ्याबरोबर. सांगून नाही कळणार.”

२८ मार्च

बहिऱ्या मुलांची शाळा आहे ती. नंदिनीची मावशी तिथे शिकवते, तिच्यामुळे या दोघी जायला लागल्या. आणि ती शिवांगी, रंगपंचमीची! ती त्याच शाळेत शिक्षिका आहे, आणि तिला ऐकू येत नाही. मी तिला ताठ म्हटलं होतं. पाठीमागून तीन-तीनदा हाका मारल्या होत्या. कुठे तोंड लपवू असं झालं. शर्वरी तिला हातांनी काहीतरी म्हणाली आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या. बहुतेक सांगितलंच तिने.

मी मूकबधिर म्हटलं तर शर्वरी म्हणाली, “मूक नाही आई. फक्त बधिर म्हण. मुकं कोणी नाहीये इथे.”

एक बाई देवासहून आली होती, मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. पोरीला ऐकू येत नाही हे नुकतंच कळलेलं, बाई रडत होती. विचारत होती, “मैडम, ये मुझे मम्मी कब बोलेगी?” शर्वरी मध्ये बसली. बाईचं बोलणं हातांनी शिवांगीला, शिवांगीचे हात हिंदीत त्या बाईला. भराभर, पण कुठे घाई नाही. शिवांगीने त्या छोटीसमोर नाकपुडीशी, नथीच्या जागी, एक खूण केली, दोनदा, तीनदा. शर्वरी बाईला म्हणाली, “ये कह रही हैं, मम्मी तो आज भी बोल सकती है. आप देखना सीख लीजिए.” छोटीने बोट नाकपुडीला लावलं. बाई रडायची थांबली आणि मग दुप्पट रडली.

माझी मुलगी मी अशी कधी पाहिली नव्हती. घरी ती खांदे पाडून बसते. इथे ताठ बसली होती.

बाहेर आल्यावर माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? “याची पदवी असते का गं?”

“डिप्लोमा असतो. इंटरप्रिटरचा. दोन वर्षांचा. बारावी पास लागतं.”

बारावी पास! म्हणजे बी.टेक.ची दोन वर्षं पाण्यात. घरी येईपर्यंत स्कूटरवर एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर तेच बोलले असते.

५ एप्रिल

झोप नाही, भूक नाही. असाइनमेंट राहिल्यात. नातेवाईक काय म्हणतील हे तर आहेच, पण मला खरी भीती वेगळीच. उद्या हिलाच वाटलं तर, की आईने अडवायला हवं होतं?

आज शामशी भांडले. तो म्हणाला, “तुझ्या बाबांनी तुला बी.कॉम.ला घातलं ते तू अजून बोलतेस. ही किती वर्षं बोलेल?”

मला संताप आला. कशाची कशाशी तुलना! भाऊरावांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, मला कम्प्यूटर नको म्हटलं. मी तर हिला हो म्हटलं! हो म्हणणं आणि नाही म्हणणं एक असतं का?

तो उठला. टी.व्ही. लावून बसला. मी भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच पुन्हा घासली.

६ एप्रिल

हो म्हटलं, पण तिने विचारलं होतं का?

बस, एवढंच. आज अजून लिहवत नाही.

१४ एप्रिल

शर्वरी महूला गेली होती, नंदिनीकडे, जयंतीला. परत आली ती मूडमध्ये. जेवण झाल्यावर तिने स्वतःच विषय काढला. कॉलेजच्या नियमात एक वाट आहे म्हणे. पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाले तर तेवढ्यावर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. तिचा फक्त मॅथ्स-वन अडकलाय.

“मी या वेळी पेपर देणार आहे,” ती म्हणाली. “खरा. पास झाले की सोडणार. नापास होऊन नाही सोडायचं मला.”

मी म्हटलं, “आणि पास झाल्यावर मन बदललं तर?”

“तर बदललं.”

इतकं सरळ बोलली की मी पुढे काही विचारलं नाही. मनात मात्र लगेच हिशोब सुरू: पास होईल, गोडी लागेल, राहील. आशा सुटत नाही बाई माझी. टेबल आम्ही वाटून घेतलंय. खिडकीकडची बाजू तिची.

२ मे

ऊन असं, की पंखा गरम वारा फेकतो. दोघी एका टेबलावर, दोघींचं गणित. ती डेरिव्हेटिव्हमध्ये माझ्यापुढे गेली आहे. आज माझी शंका तिने सोडवली, चिडली नाही. मध्येच उठून आरशासमोर हातांच्या खुणांची प्रॅक्टिस करून येते. मी बघत नसल्यासारखं दाखवते.

पायथनमध्ये माझा पहिला मोठा प्रोग्रॅम चालला. लॅबच्या तपासण्यांचे दर त्यात भरले, आपोआप बिल निघतं. आशिषला दाखवला. “भिया, ताई तर खतरनाक निघाल्या,” असं सगळ्यांना सांगत सुटला.

१७ मे

पहिल्या टप्प्याची परीक्षा. शर्वरीने स्कूटरवरून सोडलं. गेटवर पोरांची गर्दी, आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे. मी आत शिरायला लागले तर गार्डने हात आडवा केला. “मैडम, पैरेंट्स बाहर रुकेंगे. बच्चे को अंदर भेजो.”

मी हॉलतिकीट शोधत पर्समध्ये हात घालून गोंधळले. मागून शर्वरीचा आवाज आला, सगळ्या गेटला ऐकू जाईल असा: “भिया, एग्ज़ाम इनका है. पैरेंट मैं हूँ.”

गार्ड हसला, बाजूची पोरं हसली, एका बापाने टाळी वाजवली. मी हसतच आत गेले. पेपर लांबलचक होता, एक प्रश्न सुटलाच नाही. पण कोरा काही सोडला नाही.

बाहेर आले तर शर्वरी नव्हती. मेसेज होता, ‘शिवांगीकडे गेले, तू बसने ये.’ आले.

१९ जून

तिचा मॅथ्स-वन झाला. कसा गेला म्हणून विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. जीभ चावून चावून दुखायला लागली. शेवटी तीच म्हणाली, “लिहिलं सगळं.”

माझा रिझल्ट आला. सगळ्या विषयांत पास, प्रोग्रॅमिंगमध्ये काठावर. शामने विचारलं, कचोरी आणू का? मी म्हटलं, आत्ता नको. शर्वरीचं होऊ दे.

९ जुलै

दुपारी रिझल्ट लागला. मी पोळ्या करत होते. शर्वरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, फोन माझ्यासमोर धरला. मॅथ्स-वन, पास. काठावर वगैरे नाही, चांगली पास. माझ्या वर्गात असती तर मला मागे टाकलं असतं.

मी पिठाच्या हातांनी तिला जवळ घेतलं. डोक्यात भराभर सुरू झालं: आता थर्ड ईयर उघडलं, आता कोणी अडवत नाही, आता फक्त दोन वर्षं, एवढं चांगलं येतंय तर.

ती माझ्या खांद्यावरच म्हणाली, “आई, आता सोडू?”

तवा तापला होता. मी गॅस बंद केला. तिने कॉलेज सोडण्याचा अर्ज आणला होता, पालकांच्या सहीची जागा रिकामी होती. शामची चालली असती. म्हटलं, “बाबांची का नाही घेतलीस?”

“ते करतील. मला तुझी हवी होती.”

हात धुतले, पुसले, बसले. वाटलं, एकदा म्हणून बघावं, ‘अजून एक सेमिस्टर थांब.’ ती ऐकेल असंही वाटलं, आणि त्याचीच भीती वाटली. सही केली. सहीतला शेवटचा ‘नी’ नीट उमटला नाही, तिने फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद फाईलमध्ये ठेवला.

मग ती कॉलेजला गेली, अर्ज द्यायला. मी उरलेल्या पोळ्या केल्या. एकटीच बसून जेवले.

सोमवारपासून माझा दुसरा टप्पा. अजून पुष्कळ गणित आहे, आणि या वेळी ते सगळं मला एकटीला करायचंय. आख्खं टेबल रिकामं आहे. मी खिडकीकडच्या बाजूला बसून पाहिलं. उजेड बरा येतो इथून.